लेकरं, वावर आणि अपडाऊन यांत वजन उतरवायचं तरी कधी?

अपडाऊनवाली

नमस्कार मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यातलं. घरी दोन लेकरं (एक तिसरीत, एक अंगणवाडीत), सासू-सासरे, नवरा, सहा एकर कोरडवाहू. मी तालुक्याच्या खाजगी शाळेत शिकवते, रोजचं अपडाऊन. उंची पाच फूट, वजन ६८. दुसऱ्या बाळंतपणात चढलेलं उतरलंच नाही. मागच्या महिन्यात बीपी वरच्या बाजूला निघाला. डॉक्टर म्हणाले, गोळी इतक्यात नको, वजन कमी करा, जीवनशैली बदला.

बदलते ना, पण कुठून सुरू करू? नळ पहाटे येतो, मग डबे, भाकरी, लेकरांच्या आंघोळी, साडेआठची यष्टी. परत येईस्तोवर दिवेलागण. मग पुन्हा चूल, गृहपाठ, भांडी. मोबाइलवरचे तक्ते पाहिले. सकाळी ओट्स, अकराला बदाम, चारला ग्रीन टी, रात्री सूप. आमच्या आठवडी बाजारात भोपळा आणि गवार भेटली तरी नशीब. शिवाय माझ्यापुरतं वेगळं शिजवायला वेळ नाही, आणि सासू-सासऱ्यांसमोर वेगळं ताट घेऊन बसायची हिंमतही नाही.

खेड्यात राहून, लेकरं सांभाळून ज्यांनी खरंच वजन उतरवलं त्यांनी सांगा. जिमवाल्यांनी माफ करा.

तर्रीबाज

वेगळं ताट नको, नवऱ्याच्याच ताटात बसा. अर्धं त्याला जाईल. (हलके घ्या.)

मोर्शीकर

राग नका मानू बाई, पण हे सारे शहरातले चोचले हायेत. माही माय पहाटे उठून दळे, पाणी भरे, मंग निंदाले जाय. पाच लेकरं झाले, पण थे कधी काट्यावर उभी राह्यली नाही. वावरात जा, दोन पाती निंदा, वजन गेलं समजा. डाएट-बिएट कायले पायजे?

डवरा_फवारा

काका, निंदते कोण आता? तुमच्या वावरात शेवटचं निंदण कधी झालं ते खरं सांगा. आमच्याकडे सोयाबीनवर तणनाशक मारतो, पेरणी ट्रॅक्टरनं, काढणी हार्वेस्टरनं. बाप बैलामागं डवरा धरून दिवसभर चालत होता, मी मोटारसायकलवर थेट धुऱ्यापर्यंत जातो. कपाशीच्या वेचणीत तेवढी हालचाल होते, ती पण बहुतेक मजुराच्या बाया करतात. आपण काटा धरून उभे.

हरभऱ्याच्या ओलिताचं तर विचारूच नका. रात्रीच्या पाळीत लाइन आली की रात्रभर बांधावर, हातात चहाचा थर्मास आणि फरसाणाची पुडी. सकाळी घरी येऊन पोहे खाऊन झोपायचं, उठलं की लगेच जेवण. मी बत्तीस वर्षांचा शेतकरी आहे आणि माझ्या शर्टाचं खालचं बटन लागत नाही. तेव्हा 'शेतकऱ्याला पोट सुटत नाही' हे आता विसरा.

ताई, मी पण एका पोरीचा बाप आहे. उत्तर भेटलं तर मलाही पाहिजे.

पांदणरस्ता

रुमाल टाकून ठेवते. माझाही हाच प्रश्न, फक्त आकडा ७४.

सिस्टर_उपकेंद्र

मी एका उपकेंद्रात काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

वजनाच्या काट्याआधी शिवणकामाचा टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीला कंबर मोजा. श्वास आत न ओढता. बाईची ८० सेंटीमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की शुगर-बीपीचा धोका वाढतो. आशा ताई तीस वर्षांवरच्या लोकांचा एक फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि आईवडिलांचे आजार यांना गुण असतात. चारच्या वर गुण झाले की तपासणीला आधी बोलावतात. बीपी आणि शुगर उपकेंद्रात फुकट पाहतात. पण लोक येतात कधी, तर चक्कर येऊन पडल्यावर.

आपल्या लोकांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा) रेघही खालची धरतात. २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. पाच फुटाच्या बाईला २५ म्हणजे साधारण ५८ किलो. धागाकर्त्या ताईंना लगेच ५८ वर जायची गरज नाही. ६८ चे ६४ झाले तरी बीपीत फरक दिसू शकतो.

दोन गोष्टी मात्र आधी करा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. वजन जास्त आणि रक्त कमी अशा बाया मी रोज पाहते. त्यांना 'चालत जा' म्हटलं तर दोन गल्ल्यांत दम लागतो, आणि घरचे म्हणतात आळशी आहे.

आणि बीपीसाठी वजनाइतकंच मीठ महत्त्वाचं. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचमचा, तोही सगळा मिळून. ताटात कुरोड्या, पापड, लोणचं, ठेचा असं चारही असलं की भाजीआधीच तो कोटा संपतो.

अपडाऊनवाली

सिस्टर, धन्यवाद. कंबर मोजली. आकडा इथे लिहीत नाही.

मोर्शीकर काका, मी सुट्टीच्या दिवशी तुरीच्या शेंगा तोडायला जाते. तिथून आलं की इतकी भूक लागते की दीड भाकर जास्त जाते.

हिशेबी_मास्तर

तेलाचं नाव अजून कोणी काढलं नाही, म्हणून हा लांबलचक प्रतिसाद.

१५ किलोचा पिपा फोडला की त्यावर खडूनं तारीख लिहा. संपला की पुन्हा लिहा. आमच्याकडे पाच माणसांत तो दोन महिने जायचा. १५,००० ग्रॅमला ६० दिवसांनी भागा, रोजचं २५० ग्रॅम, माणशी ५०. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात २,००० कॅलरीच्या ताटाला तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी. म्हणजे वरचे २३ ग्रॅम धरले तर माणशी रोज दोनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या फोडणीतून जास्तीच्या जातात, आणि त्यानं पोट भरल्यासारखंही वाटत नाही.

त्याच ताटात कच्चं धान्य २५० ग्रॅम, भाजीपाला ४००, डाळ-अंडी-मांस मिळून ८५, दूध-दही ३०० मिली असं आहे. आपलं ताट याच्या नेमकं उलट असते. भाकर-भात भरपूर, आणि भाजी म्हणजे भाकर ओली करण्यापुरता रस्सा.

आम्ही एकच केलं. पळी काढून टाकली आणि फोडणीला जेवणाचा चमचा ठेवला. भाजी खाली लागते अशी तक्रार आली, तर झाकण आणि पाण्याचा हबका. वांग्याची भाजी पहिल्या आठवड्यात कोणालाच आवडली नाही, खरं सांगतो. आता पिपा तीन महिन्यांच्या जवळ जातो, माणशी ३३ ग्रॅमवर आलो. २७ वर अजून नाही. वेगळं ताट नाही, वेगळा स्वयंपाक नाही, सासूबाईंना सांगायचीही गरज नाही. उलट पिप्याचे पैसे वाचले म्हणून आमच्या आई खुश.

तर्रीबाज

मास्तर, तुमच्या घरी जेवायचं आमंत्रण आलं तर मी डबा घेऊन येईन.

आणि तर्रीपोह्यांवरची तर्री ३३ ग्रॅमात कशी बसवायची याचं गणित पण सोडवून द्या.

हिशेबी_मास्तर

रविवारी एक प्लेट खा, सोमवारी वरण-भात आणि घोळाणा. महिन्याच्या हिशेबात बसते. रोज सकाळी यष्टी स्टँडवर उभं राहून खाणाऱ्यासाठी गणित नाही, देव आहे.

खारपाणपट्टा

मास्तरांशी अर्धा सहमत. तेल कमी करा ठीक, पण आमच्याकडे खरा घोटाळा चहाचा आहे. आलेल्या माणसाला चहा, निघालेल्याला चहा, दूध काढल्यावर चहा, कामावरची बाई आली की चहा. कपात दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम धरा. असे सहा कप झाले की साठ ग्रॅम साखर, २४० कॅलरी, म्हणजे दीड-दोन पोळ्या नुसत्या पिऊन झाल्या. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते.

मी चहा सोडला नाही. साखर पाव चमच्यानं कमी करत गेलो. घरी कोणाला कळलं नाही, कारण चहा मीच करतो.

वऱ्हाडी_लेक_पुण्यात

मी मूळची अकोट तालुक्यातली. मला डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणानं फरक पडला. कडक भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवायचं, मध्ये काही नाही. वेगळा स्वयंपाक नको, खर्च नाही. मधलं चरणं बंद होतं हाच मोठा फायदा.

पांदणरस्ता

ताई, तुम्ही ऑफिसात बसता. मी ते करून पाहिलं. सकाळी दहाला जेवले तर रात्री आठपर्यंत लेकरावर नुसती खेकसत होते. माणूस बारीक झाला आणि घर रोज पेटलेलं, काय उपयोग?

वऱ्हाडी_लेक_पुण्यात

ऑफिसात बसते हे खरं, पण दीड तास लोकलमध्ये उभी पण असते. प्रत्येकाला जमेलच असं मी म्हटलंच नाही.

सिस्टर_उपकेंद्र

जमतं त्यांना जमतं, वाद नको. फक्त शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी करू नका, साखर एकदम खाली येते. आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं तर या भानगडीत पडूच नये. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज सहाशेच्या आसपास कॅलरी उलट जास्त लागतात.

झाडीपट्टीवाला

मी ब्रह्मपुरीकडचा जी. डॉक्टरांनी पहाटे फिरायला सांगितलं. आमच्याकडे पहाटे माणूस फिरत नाही जी, वाघ फिरतो. तुमच्याकडे बायकांना लोक काय म्हणतील ही भीती, आमच्याकडे कोण खाईल ही.

आता सकाळी आठनंतर जिल्हा परिषद शाळेच्या मैदानाला चकरा मारतो. कुंपण आहे. पोट्टे हसतात, गुरुजी पण हसतात, पण आता माझ्यासंगं तिघं झाले. आणि खाण्याचं म्हणाल तर आमचा सारा भात. सकाळी भात, रात्री भात. भात सोडा म्हणणाऱ्यानं धानाच्या शेतकऱ्याला तोंड दाखवू नये. मी भाताचा ढीग तसाच ठेवला होता, मुलीनं वाटीनं वाढायला सुरुवात केली. दोन वाट्या झाल्या की भांडं उचलून आत.

मोर्शीकर

वाघाले भेऊन पळा, त्याच्याइतका व्यायाम नाही.

झाडीपट्टीवाला

काका, या एकदा. तुम्हाला पुढं ठेवतो.

उपाशी_गुरुवार

उपवासाचं कोणीच बोललं नाही. मी सोमवार आणि गजानन महाराजांचा गुरुवार धरते, मग वाटायचं की आठवड्यातून दोनदा तर उपाशी राहते, तरी वजन का नाही उतरत. मग एकदा पाहिलं की उपाशी राहते म्हणजे काय करते. सकाळी साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचा कूट आणि तूप ओतून. दुपारी आलूचे चिप्स. संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी, वर केळं. साबुदाणा म्हणजे नुसतं स्टार्च, १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी, प्रोटीन जवळपास नाहीच. रोजच्या वरण-भाकरीपेक्षा उपवासाचं ताट जड निघालं.

आता उपवास तोच आहे, उसळ नाही. ताक, फळ, आणि एकदा भगर. महाराज रागावले नाहीत अजून.

तर्रीबाज

शेगावला जाता की नाही? दर्शन झाल्यावर कचोरी खाल्ली तर ती प्रसादात धरतात की तेलात?

उपाशी_गुरुवार

पायी वारी करून गेलात तर प्रसादात.

कोरडवाहू_आई

एक इशारा देऊन ठेवते. तालुक्याच्या गावात आता 'नाश्त्याऐवजी शेक' देणारे क्लब निघालेत, आणि ते चालवणारे बहुतेक आपलेच नातेवाईक असतात. माझ्या नणंदेच्या ओळखीच्या बाईनं मला गळ घातली. पहिला डबा उधारीवर. वजन उतरलं, नाही म्हणत नाही. कारण शेक प्यायचा आणि दिवसभर दुसरं काही खायचंच नाही असं ठरलेलं. डबा संपला, पैसे संपले, वजन मुक्कामाला परत. वर ती बाई म्हणते, तुमचीच चिकाटी कमी पडली. त्या पैशात वर्षभराची तूरडाळ भरली असती.

डवरा_फवारा

एक विचारू? वर सगळ्यांनी सल्ला दिला तो ताईंना. पिपा ताईंनी मोजायचा, साखर ताईंनी कमी करायची, उपवास ताईंनी बदलायचा. घरात नवरा आहे ना? लेकरं दोघांची आहेत. आमच्याकडे बायको आशा आहे, दुपारभर गावात फिरते. मी ओलिताची पाळी नसली की सकाळी पोरीची वेणी घालतो आणि कणीक मळतो. भाकर थापता येत नाही, ती फाटते. पण तेवढ्या वेळात ती गल्लीतून अर्धा तास चालून येते.

मोर्शीकर

म्हणून तुह्यं बटन लागत नाही. कणीक मळून मळून.

डवरा_फवारा

बटन कणकेनं नाही, फरसाणानं गेलं काका. ते आता बंद केलं. बांधावर जाताना फुटाणे आणि गाजर नेतो. चहा तेवढा आहे.

अपडाऊनवाली

नवऱ्याबद्दल इतकं वाईट नका बोलू. तो लेकरांना शाळेत सोडतो, बाजार करतो. स्वयंपाकघरात मात्र आई असेपर्यंत त्याला येऊ देत नाहीत. म्हणजे तो आला तर त्यालाच काही म्हणत नाहीत, माझ्याकडे पाहतात.

पण दोन गोष्टी मला आता दिसल्या. एक, मी लेकरांच्या ताटातलं उरलेलं खाते. अर्धी पोळी, दोन घास भात, बिस्किटाचा तुकडा. टाकवत नाही. दुसरी, मी सगळ्यात शेवटी जेवते, रात्री साडेनऊ-दहाला, आणि तेव्हा भाजी उरलेलीच नसते. मग भाकर, ठेचा, तेल. मास्तरांनी ताट उलटं म्हटलं ते माझंच वर्णन आहे.

हिशेबी_मास्तर

ताई, मग भाजी तुमच्या वाटणीची आधी काढून ठेवा. वाटीवर झाकण. हा स्वार्थ नाही, बीपी तुम्हालाच आहे.

कोरडवाहू_आई

आणि लेकरांना वाढतानाच अर्धं वाढा. मागितलं तर पुन्हा द्या. उरलं तर कुत्र्याला, गाईला. आपलं पोट काही ढोली नाही.

जवसाची_चटणी

भाकरीबद्दल एक गैरसमज जागोजागी दिसतो, की गहू सोडून ज्वारी धरली की वजन उतरते. दोन्हींच्या पिठात १०० ग्रॅमला सव्वातीनशे ते साडेतीनशेच कॅलरी, तंतूही साधारण सारखेच. फरक इतकाच की भाकरीला तेल लागत नाही, आणि एका जाड भाकरीत पोट भरते. पातळ पोळ्या किती झाल्या ते मोजलं जात नाही. तेव्हा ज्वारी आवडत असेल तर खा, औषध म्हणून खाऊ नका. आमच्या भागात सोयाबीननं ज्वारी हटवली, राहिलेली पाखरं आणि रानडुकरं खातात, त्यामुळे आता ती विकत घ्यावी लागते. महागाचं औषध झालं.

खारपाणपट्टा

तंतू सारखे असतील, पण शुगर असलेल्यांना ज्वारी बरी पडते असं आमचे डॉक्टर सांगतात.

जवसाची_चटणी

बरी पडत असेल तर खावीच. पण सोबत वरण घट्ट पाहिजे. ठेच्याशी तीन भाकरी खाल्ल्या तर ज्वारी काय आणि गहू काय.

पांदणरस्ता

चालण्याबद्दल विचारते. मी साडीवर बूट घालून रस्त्याला लागले तर पहिल्या दिवशी चौघींनी थांबवून विचारलं, काहून बाई, दवाखान्यात कोणी आहे का? काम नसताना बाई चालते हे गावाला समजतच नाही.

सिस्टर_उपकेंद्र

हातात पिशवी घ्या. पिशवी असली की कोणी विचारत नाही. गंमत नाही, आमच्या बचत गटातल्या बायांनी हेच केलं.

खारपाणपट्टा

धागाकर्त्या ताईंना एक विचारायचं राहिलं. तुमचं गाव रस्त्यावर आहे की फाट्यापासून आत?

अपडाऊनवाली

फाट्यापासून अडीच किलोमीटर आत. यष्टी फाट्यावर सोडते, तिथून ऑटो. कधी कधी नवरा घ्यायला येतो.

खारपाणपट्टा

मग उत्तर तिथेच आहे. अडीच किलोमीटर जरा झपझप चाललं तर अर्धा तास. शाळेचे पाच दिवस एक वेळ चाललात तरी आठवड्याचे १५० मिनिटं होतात, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला कमीत कमी तेवढंच सांगते. पहाटे उठायला नको, साडी-बुटाचा प्रश्न नाही, कारण तुम्ही कामावरून घरी येताय, कोणाला काही सांगायचं नाही. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवा. ऑटोचे पैसे वाचतील ते वेगळेच.

कोरडवाहू_आई

पुरुष माणूस सल्ला देऊन मोकळा. दिवाळीनंतर सहाला अंधार पडते. अडीच किलोमीटरच्या त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी उभी कपाशी, दिवा एक नाही. रानडुक्कर सोडा, माणसांचं काय? आणि पावसाळ्यात रेगडाचा चिखल, चप्पल हातात घेऊन चालायची.

खारपाणपट्टा

बरोबर आहे. हे माझ्या डोक्यात आलं नाही. मग सकाळी चालता येईल का? घरून फाट्यापर्यंत. उजेड असते, शाळेचे पोट्टे सोबत असतात.

अपडाऊनवाली

सकाळी अर्धा तास कुठून आणू हाच तर प्रश्न आहे. पण घरी बोलले. नवरा म्हणाला डबे मी भरतो, तू भाज्या करून ठेव, बाकी मी पाहतो. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या की फाट्यापर्यंत मी पण येत जाईन, माझे गुडघे आखडले आहेत. अडीच किलोमीटर त्यांना झेपणार नाही, पण पुलापर्यंत येतात आणि परत फिरतात. पुलापर्यंत त्यांच्या चालीनं, पुढं मी झपझप. चार दिवस जमलं, पाचव्या दिवशी धाकट्याला ताप आला आणि ऑटोनं गेले.

सिस्टर_उपकेंद्र

चार दिवस पुष्कळ झाले. सासूबाईंचं पण बीपी-शुगर पाहून घ्या. सुनेचं निघालं तेव्हा सासूचं कोणी तपासत नाही.

आणि नुसतं चालून भागणार नाही. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम पाहिजे. खुर्ची नाहीतर बाजेवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून दंड. लेकरं अंगावर चढली तर वजन आपोआप वाढते.

मोर्शीकर

घरकाम, पाणी भरणं यात ताकद नाही लागत का मंग?

सिस्टर_उपकेंद्र

लागते ना काका. पण मोटार आणि नळ आल्यापासून घागर कोण उचलते? तुमच्याकडे अजून विहिरीवरून भरत असाल तर व्यायामातून सूट.

मोर्शीकर

माह्याकडे मोटार हाये.

तर्रीबाज

सिस्टर एक, काका शून्य.

जवसाची_चटणी

ताईंच्या प्रश्नात अजून एक बाकी आहे, प्रोटीन. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम धरतात. आपलं पातळ वरण म्हणजे वाटीभर पिवळं पाणी, त्यात चार-पाच ग्रॅमच्या वर काही नाही. ते कमी पडलं की दुपारी चारला शाळेत जी भूक लागते ती बिस्किटावर जाते. अंडं चालत असेल तर एकात सहा ग्रॅम. नसेल चालत तर मोड आलेली मटकी, फुटाणे, घट्ट वरण, झुणका. झुणका मात्र मास्तरांच्या चमच्यानं.

आणि आपण सगळे सोयाबीन पेरतो, घरात एक दाणा ठेवत नाही. थेट मार्केट यार्डात.

डवरा_फवारा

सोयाबीन घरी खाता येते? आमच्याकडे सगळे म्हणतात पोट फुगते, कडू लागते.

जवसाची_चटणी

कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाल्लं तर फुगणारच, ते चांगलं शिजावंच लागते. रात्री भिजवा, सकाळी टरफलं चोळून काढा, वीस मिनिटं उकळा, पाणी फेका, उन्हात खडखडीत वाळवा आणि मंद आचेवर खमंग भाजा. मग दहा किलो गव्हात एक किलो टाकून दळून आणा. चक्कीवाला कुरकुर करेल, म्हणून भाजणं नीट करा. ओलसर राहिलं की जात्याला चिकटते.

डवरा_फवारा

अजून दोन कट्टे विकायचे राहिलेत. त्यातलंच काढून पाहतो. बियाण्याला औषध लावलेलं नको ना?

जवसाची_चटणी

अजिबात नको! पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक लावलेलं असते, रंग दिसतो त्याला. घरचं, बिनऔषधाचं, खळ्यावरचंच घ्या. आणि आधी एक किलोच करा, पोरीला वास आवडतो का पाहा.